आवक, साठा, विसर्ग

पावसाळ्यात मराठवाड्यातला माणूस वर्तमानपत्र उघडतो तो आधी धरणांचा तक्ता शोधायला. जायकवाडीत किती आले, माजलगावात किती, येलदरीत किती, आणि मग सिद्धेश्वर. प्रत्येक नावापुढे तेच शब्द असतात: पाण्याची आवक, जिवंत साठा, विसर्ग. चौथी पास झालेल्या शेतकऱ्यालाही हे शब्द कोणी समजावून द्यावे लागत नाहीत. धरण पन्नास टक्के भरले आहे एवढ्यावर तो थांबत नाही, आवक चालू आहे का, असे लगेच विचारतो. साठा ही आजची गोष्ट झाली, उद्याचे आवक सांगते, हे त्याला पक्के ठाऊक असते.

साथरोगांच्या शास्त्राचा पाया याच तीन शब्दांवर उभा आहे. ज्याला धरणाचा तक्ता वाचता येतो त्याला रोगाचा तक्ताही वाचता येतो, आणि हे शास्त्र शिकण्यासाठी हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर धरणाइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. भिंत सहा किलोमीटरांहून लांब. नदीच्या वरच्या अंगाला, परभणीच्या जिंतूर तालुक्यात, येलदरीचे मोठे धरण आहे. येलदरीतून सोडलेले पाणी सिद्धेश्वरात अडवायचे आणि तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारात न्यायचे, अशी ही जोडी आहे. सिद्धेश्वराची पातळी त्यामुळे स्वतःच्या पाणलोटातल्या पावसाइतकीच येलदरीच्या दारांवरही अवलंबून असते. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

आता पाण्याच्या जागी रुग्ण ठेवून पाहू. एखाद्या तालुक्यात या महिन्यात क्षयाचे जे नवे रुग्ण सापडले ती आवक. आजच्या तारखेला क्षयाने आजारी असलेले सगळे, जुने आणि नवे, तो साठा. बरे झालेले आणि दगावलेले हा विसर्ग. शास्त्रीय मराठीत आवकेला नवरुग्णदर आणि साठ्याला व्याप्तिदर म्हणता येईल, पण शब्दांपेक्षा त्यांच्यातले नाते महत्त्वाचे. रोग जितका रेंगाळतो तितका साठा फुगतो. पटकीचा रुग्ण चारपाच दिवसांत या तीरी किंवा त्या तीरी लागतो. त्यामुळे मोठ्या साथीतही एखाद्या दिवशी मोजले तर रुग्ण मोजकेच भरतात. क्षय आणि कुष्ठरोग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मुक्काम करतात, म्हणून आवक थोडी असली तरी साठा भलामोठा दिसतो.

हा फरक विसरला की काय होते ते कुष्ठरोगाच्या कहाणीत दिसते. जुन्या काळी कुष्ठरुग्णाला डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे, कित्येकांना जन्मभर घ्याव्या लागत. नोंदवहीत चढलेले नाव खाली उतरत नसे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि पुढे उपचाराची मुदत ठरली: सौम्य प्रकाराला सहा महिने, तीव्र प्रकाराला बारा महिने. मुदत पुरी झाली की रुग्ण बरा आणि नाव कमी. विसर्गाचे दरवाजे एकदम उघडले आणि साठा झपाट्याने उतरला. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरल्याने भारतात राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे मानले गेले.

यश मोठे होते, यात शंका नाही. लक्षावधी माणसांची बोटे आणि डोळे वाचले. पण ते उद्दिष्ट साठ्यावर बेतलेले होते. आवक तेवढ्या वेगाने घटली नाही, आणि त्यानंतरही देशात बहुतेक वर्षी लाखाच्या वर नवे रुग्ण सापडत राहिले. दूरीकरण झाले हे शब्द ऐकून गावोगावच्या लोकांनी, आणि काही प्रमाणात यंत्रणेनेही, रोग संपला असा अर्थ घेतला. अंगावरचा न दुखणारा, न खाजणारा चट्टा दाखवायला माणूस उशिरा येऊ लागला. आकडा खरा असूनही त्याचा अर्थ चुकीचा पोचू शकतो, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

धरणाच्या तक्त्यात आणखी एक शब्द असतो: मृत साठा. दारांच्या पातळीखालचे हे पाणी असते, पण कालव्यात येत नाही. सिद्धेश्वरची गंमत अशी की तिथे एकूण सुमारे अडीचशे दशलक्ष घनमीटर पाण्यापैकी जिवंत साठा ८० च्या आसपासच आहे, बाकीचा सगळा मृत. क्षयाचेही असेच असते. भारतातल्या पंधरा वर्षांवरच्या साधारण दर तिघांपैकी एकाच्या शरीरात क्षयाचे जंतू शिरलेले असतात. त्यांना खोकला नसतो, ताप नसतो, आणि त्यांच्यापासून कुणाला लागणही होत नाही. त्यातल्या पाच ते दहा टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षय होतो: कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, म्हातारपण अशा एखाद्या कारणाने पातळी वर चढते आणि पाणी दारापर्यंत येते. लागण होणे आणि आजारी पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

रोगाचा साठा माणसातच असतो असेही नाही. याचा धडा मराठवाड्याला १९९४ मध्ये मिळाला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याची भीती शेजारच्या बीड जिल्ह्यातही बसली. मामला या गावच्या लोकांनी दगडामातीची घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत राहायला सुरुवात केली. रिकाम्या घरांत धान्य राहिले. माणसांची वर्दळ थांबलेली आणि कणग्या भरलेल्या, उंदरांना आणखी काय हवे? त्यांची संख्या वाढली. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला गावात उंदीर पडू लागले आणि पिसवांचा उपद्रव वाढला. ऑगस्टच्या अखेरीस जांघेत, काखेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. १९६६ नंतर भारतात प्लेगची नोंद नव्हती. जवळजवळ तीन दशकांनी तो परतला होता.

इतकी वर्षे हा जंतू होता कुठे? रानात. प्लेगचा खरा मुक्काम रानउंदरांत असतो. शेतातल्या बिळांमध्ये तो एका पिसूकडून दुसरीकडे, एका उंदराकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. घरातले उंदीर वाढून रानातल्या उंदरांशी त्यांची गाठ पडली की तो गावात शिरतो. घरउंदीर मरतात, भुकेल्या पिसवा नवे शरीर शोधतात आणि माणूस मधल्यामध्ये सापडतो. साठा रानउंदरांत, वाहक पिसू, आणि माणूस हा या साखळीचा अपघाताने जोडला गेलेला शेवटचा दुवा.

‘उंदीर पडले’ हा मराठी शब्दप्रयोगच मुळी एक पूर्वसूचना आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकेशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात त्याने थैमान घातले आणि रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. त्या पिढीतल्या आजीबाईंना पिसवांचे शास्त्र ठाऊक नव्हते, ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत उलगडले. पण उंदीर पडले की घर सोडून रानात झोपडी घालायची, हे लोक करत होते. आज ज्याला रोगसर्वेक्षण म्हणतात त्याचे हे घरगुती रूप होते. मामल्यातही गावकऱ्यांनी मेलेले उंदीर माणसांच्या तापाआधीच पाहिले होते.

त्याच १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग झाल्याची बातमी आली आणि चित्र बदलले. गाठीचा प्लेग पिसवेशिवाय सहसा पसरत नाही, फुप्फुसाचा मात्र खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. लाखो लोक सुरत सोडून पळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत त्या वर्षीचे ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू आहेत, त्यातले बहुतेक मृत्यू सुरतेतले. संक्रमणाचा मार्ग बदलला की रोगाचा स्वभाव बदलतो. मार्ग ठाऊक असेल तर पळायचे की पिसवा मारायच्या हे शांतपणे ठरवता येते.

पाण्यातून येणाऱ्या रोगांचा हिशेब वेगळा. गावाच्या शिवेवरची मरीआई पटकीच्या आठवणीने उभी आहे. ज्या साथी घरच्या घरे रिकामी करत त्यांचे मूळ पाण्यात आहे हे तेव्हा कळत नव्हते. आज गावातला जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, ओटी चाचणीने क्लोरीन तपासतो, आणि ज्या ग्रामपंचायतीचे पाणी धोक्याचे ठरते तिला लाल कार्ड मिळते. धरणातले पाणी शुद्ध करून पाठवले तरी वाटेत बरेच काही घडते. चार दिवसांतून एकदा पाणी सुटणाऱ्या नळयोजनेत पाणी बंद झाले की वाहिनीतला दाब उतरतो. नालीतून गेलेल्या पाइपला बारीक चीर असेल किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सांडपाणी साचले असेल, तर ती घाण आत ओढली जाते. पुढच्या पाळीला ती सर्वांत आधी कुणाच्या तरी हंड्यात पडते.

अशी साथ आली की आरोग्य खाते एक आलेख काढते: आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर नवे रुग्ण. धरणावर पुराचा आलेख काढतात तसाच. एकाच दिवशी एकाच पाण्याने सगळ्यांना गाठले असेल तर रेघ ताडकन वर जाते आणि उतरते, जणू वरून एकदम सोडलेला लोंढा. रोग माणसाकडून माणसाकडे जात असेल तर लाटांमागून लाटा येतात, आणि दोन लाटांमधले अंतर साधारण एका रुग्णापासून पुढचा रुग्ण होण्याच्या काळाइतके असते. जंतू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, म्हणजे अधिशयन काळ, माहीत असला की आलेखाच्या टोकापासून मागे मोजत दूषित पाणी कोणत्या दिवशी आले हे शोधता येते. पटकीत हा काळ काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो.

मागे मोजण्याचे हे काम कधी फार अवघड होते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांतली शक्ती जाणारे गियाँ-बारे विकाराचे रुग्ण अचानक वाढले. हा विकार स्वतः संसर्गजन्य नाही. आधी झालेल्या एखाद्या संसर्गाशी, उदाहरणार्थ जुलाबाशी, लढताना शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, आणि हे घडायला एक ते तीन आठवडे लागतात. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा आतड्याचा जंतू मिळाला आणि तपास पाण्याकडे वळला. पण रुग्ण दवाखान्यात पोचले तेव्हा ज्या पाण्याने घात केला ते कधीच वाहून गेले होते.

अशा तपासात प्रश्न नेहमी दोन असतात: कोण आजारी पडले, आणि त्याच गल्लीत राहून कोण पडले नाही. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू नकाशावर मांडले तेव्हा ते पाण्याच्या एका पंपाभोवती दाटलेले निघाले, पण त्याच पंपाशेजारच्या दारूभट्टीतले कामगार धडधाकट दिसले. ते त्या पंपाचे पाणी पीतच नव्हते. न पडलेल्यांची मोजणी केली नाही तर नुसत्या रुग्णसंख्येला अर्थ नसतो. समजा, बाराशे वस्तीच्या गावात साठ जणांना जुलाब झाले, तर लागण पाच टक्के. तेच साठ जण तीनशे वस्तीच्या तांड्यावरचे असतील तर वीस टक्के. अंश तोच, छेद वेगळा. साथरोगशास्त्राचा निम्मा जीव त्या छेदात असतो, आणि बातम्यांत नेमका तोच गाळला जातो.

धरण आले, कालवे आले, की डासही आले असे म्हणतात. ते अर्धे खरे आहे. हिवताप पसरवणारी ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस या डासाची मादी स्वच्छ, उन्हातल्या, संथ पाण्यात अंडी घालते. कालव्याचा पाझर, चारीतली डबकी, नदीपात्रातले खळगे तिला मानवतात. दिवसा ती गोठ्यात विसावते, कारण तिला गुरांचे रक्त माणसाच्या रक्ताहून अधिक भावते. डेंग्यूच्या एडिसचे मात्र नेमके उलटे. तिला धरणाशी देणेघेणे नाही, तिला घरातला रांजण, गच्चीवरची टाकी, कूलर आणि अंगणातला टायर हवा. पाणी आठ दिवसांनी येते तिथे माणसे मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवतात आणि टंचाईच्या गावातही डेंग्यू होतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हा आरोग्यसेवकाचा आग्रह त्या दिवसांच्या हिशेबातून आला आहे. ज्या घरात पाणी नेमके कोणत्या दिवशी येईल याची खात्री नाही तिथे रांजण रिता करा म्हणणे किती जड आहे, हेही कबूल केले पाहिजे. त्या घराला रोजचे पाणी देणे हाच डेंग्यूवरचा खरा उपाय आहे.

हिवतापाचा डासांशी संबंध रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला सिद्ध केला. ते निजामाचे राज्य, आणि हिंगोली-परभणीही तेव्हा त्याच राज्यात. पण रॉस यांची दुसरी कामगिरी कमी लोकांना माहीत आहे. त्यांनी गणित मांडून दाखवले की हिवताप संपवायला शेवटचा डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली की एका रुग्णापासून सरासरी एकापेक्षा कमी नवे रुग्ण होतात आणि रोग आपोआप विझतो.

कोविडच्या काळात घराघरांत पोचलेला ‘आर’ हा आकडा त्याच विचाराचा वंशज. एक रुग्ण सरासरी किती जणांना रोग देतो, एवढाच त्याचा अर्थ. एकाहून जास्त असेल तर साथ वाढते, कमी असेल तर ओसरते. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करतो. पंधरा धरले, तर साथ रोखायला त्या पंधरांपैकी चौदा जण आधीच सुरक्षित हवेत, म्हणजे सुमारे ९३ टक्के. लसीकरण ९५ टक्क्यांवर न्या, हा आकडा असा निघतो. तो जिल्ह्याच्या सरासरीत गाठून भागत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली, ती लस न मिळालेली मुले दाटीने राहत असलेल्या वस्त्यांत. भिंत सहा किलोमीटर लांब असो, पाणी फुटते ते एका भगदाडातून.

हिंगोलीत एप्रिल २०२० मध्ये जे घडले त्यात येलदरी आणि सिद्धेश्वराचे नाते पुन्हा दिसते. जिल्ह्यात कोविडचा प्रसार जवळजवळ नव्हता. तेवढ्यात मुंबई आणि मालेगावचा बंदोबस्त आटोपून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान तपासणीत बाधित निघाले आणि जिल्ह्याचा आकडा एकदम चढला. ही आवक वरच्या धरणातून आली होती. तिला आयात रुग्ण म्हणतात. आयात रुग्ण किती आणि त्यांच्यापासून इथे झालेले किती हे वेगळे मोजले नाही, तर जिल्ह्याविषयीचा अंदाज सपशेल चुकतो.

त्याच वर्षी मे-जूनमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर रक्ततपासणीचे पहिले सर्वेक्षण केले. महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत शेजारचा परभणी होता, बीड आणि नांदेडही होते. देशातल्या ०.७३ टक्के प्रौढांना लागण होऊन गेल्याचे त्यात दिसले. टक्केवारी किरकोळ वाटते, पण हिशेब केल्यावर नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे ८२ ते १३० लोकांना लागण झाल्याचा अंदाज निघाला. नोंदवहीत होता तो पाण्यावर दिसणारा तवंग. मृत्यूचे प्रमाण नोंदलेल्या रुग्णांत काढायचे की सगळ्या बाधितांत, यावर उत्तर कित्येक पटींनी बदलते. त्या दिवसांत दोन्ही उत्तरे छापून येत होती आणि वाचणारा गोंधळून जात होता.

आवक खरोखर शून्यावर आणलेला एक रोग मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना नावाने आठवतो: नारू. दूषित पाण्यातल्या बारीक जलपिसवांबरोबर त्याची अळी पोटात जाई, वर्षभराने हातभर लांब दोऱ्यासारखा जंत पायातून बाहेर येई आणि लोक तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढत. आग शमवायला रुग्ण बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडी, आणि जंत तिथेच हजारो अळ्या टाकी. भारतात त्याचा साठा माणसाबाहेर कुठेच नव्हता, आणि हीच त्याची दुबळी बाजू ठरली. त्यावर लस निघाली नाही, औषधही नाही. १९८४ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे चाळीस हजार रुग्ण होते. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले गेले, हातपंप आले, बायकांनी हंड्यावर दुहेरी फडके बांधून पाणी गाळले, रुग्णांना पाण्यात उतरू दिले नाही. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षे आरोग्य कर्मचारी गावोगाव नारूचा रुग्ण आहे का विचारत फिरले, आणि प्रत्येक वेळी नोंदवहीत शून्य भरत राहिले. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले.